जुनी इमारी बशी : बूड आधी पाहावे, चित्र मागाहून

मराठीत पांढऱ्या, चकचकीत आणि टिचकी मारल्यावर खणखणणाऱ्या प्रत्येक भांड्याला आपण सरसकट चिनीमातीचे भांडे म्हणतो. त्यामुळे एखाद्या जुन्या घरातल्या काचेच्या कपाटात उभी ठेवलेली निळी, लाल आणि सोनेरी बशी चीनची नसून जपानच्या क्यूशू बेटावरची असू शकेल, ही शंकाही बहुतेकांच्या मनाला शिवत नाही. अशा बश्या, वाट्या आणि फुलदाण्या ओळखून, पारखून हळूहळू जमवू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जपानी रंगीत पोर्सेलिनच्या, म्हणजे पांढऱ्या, पक्क्या भाजलेल्या चिनीमातीच्या, अनेक शाखा असल्या, तरी येथे मुख्यतः आरिता गावात घडलेल्या आणि ‘इमारी’ या नावाने जगभर गेलेल्या भांड्यांविषयी लिहिले आहे. कारण तीच बाजारात सर्वाधिक आढळतात आणि त्यांच्यावर नजर बसली की बाकीच्या शाखा समजायला फार वेळ लागत नाही.

पहिली पायरी : भांडे कसे घडले ते समजून घ्यावे

आरिता हे आजच्या सागा प्रांतातले, डोंगरांनी वेढलेले गाव. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांतून परतताना जपानी सरदारांनी अनेक कोरियन कुंभार बरोबर आणले. त्यांच्यापैकी ई साम-प्योंग नावाच्या कुंभाराला १६१६ च्या सुमारास आरितातल्या इझुमियामा येथे पोर्सेलिन बनवण्याजोगा दगड सापडला, असे परंपरा सांगते. सुरुवातीची भांडी बहुतांशी पांढऱ्यावर निळ्या चित्रांची होती. मिन्याचे, म्हणजे झिलईवर चढवायचे काचेसारखे रंग आले ते १६४० च्या दशकात, आणि त्याचे श्रेय परंपरेने साकाइदा किझाएमोन याला, म्हणजे पुढे पहिला काकिएमोन म्हणून ओळखल्या गेलेल्या कारागिराला दिले जाते. त्याच सुमारास, १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिथल्या भट्ट्यांचा माल बाहेर जाणे अवघड झाले आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने आपला मोर्चा जपानकडे वळवला. १६५९ मध्ये कंपनीने एकाच खेपेला पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. आरिताचा माल सुमारे बारा किलोमीटरवरच्या इमारी बंदरातून बाहेर पडे, म्हणून गाव मागे राहिले आणि बंदराचे नाव भांड्यांना चिकटले.

संग्राहकाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची आहे ती भाजण्याची रीत. भांडे आधी साधारण ९०० अंश सेल्सिअसला कच्चे भाजतात, त्यावर कोबाल्टच्या निळ्याने चित्र काढतात, वर झिलई चढवतात आणि सुमारे १३०० अंशांना पक्के भाजतात. लाल, हिरवा, पिवळा, जांभळा हे रंग, म्हणजे शिशाच्या काचेत धातूंची भस्मे मिसळून केलेला मिना, त्यानंतर झिलईच्या वर लावून ७०० ते ८०० अंशांच्या लहान भट्टीत पुन्हा भाजतात. सोने याच टप्प्यावर चढते. म्हणून निळा रंग झिलईखाली आणि बाकीचे रंग झिलईवर असतात. डोळे मिटून बोटाचे टोक चित्रावरून फिरवले, तर निळ्यावर ते काचेवरून घसरावे तसे जाते आणि हिरव्याशी किंवा पिवळ्याशी येताच किंचित अडखळते. भांडे ओळखण्याच्या पुढच्या बऱ्याच परीक्षा या एका फरकावर उभ्या आहेत.

दुसरी पायरी : घराणी ओळखावीत

गाण्यात जशी घराणी, तशी येथेही आहेत, आणि जाहिरातीतल्या नावावर विसंबण्यापेक्षा ती स्वतः ओळखता येणे बरे. झिलईखालचा गडद, काळसर निळा, लोहाचा विटकरी लाल आणि सोने असा भरगच्च मेळ दिसला, आणि मोकळी जागा जवळजवळ उरलेलीच नसली, तर ती बाजाराच्या भाषेतली ‘इमारी’ समजावी. जरीच्या कापडासारख्या या सजावटीला जपानीत ‘किनरान्दे’ म्हणतात. काकिएमोन शैली नेमकी याच्या उलट आहे. दुधाळ पांढरा पृष्ठभाग, ज्याला तांदळाच्या धुवणावरून ‘निगोशिदे’ हे नाव मिळाले, त्याच्या एका बाजूला एखादी फांदी, दोन लाव्हे पक्षी किंवा फुलांचा झुबका, बाकी सारे रिकामे, आणि काठाला बहुधा तपकिरी रेघ. जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच शैलीच्या नकला केल्या, तेव्हा सुंदर ‘काकिएमोन’ बशी हाती आली तरी ती युरोपची असू शकते.

नाबेशिमा भांडी त्याच नावाच्या सरदार घराण्याच्या ओकावाचीयामा येथील राखीव भट्टीत शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाला, नजर करण्यासाठी आणि सरदारांना भेट देण्यासाठी होत. साधारण १५, २० आणि ३० सेंटिमीटरच्या ठरावीक मापांच्या बश्या, उंच पाया आणि त्या पायाभोवती निळ्या रंगात काढलेले कंगव्याच्या दातांसारखे पट्टे ही त्यांची खूण आहे. कुतानी या घराण्याचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. हिरवा, पिवळा, जांभळा असे जाड रंग अंगभर माखलेल्या सतराव्या शतकातल्या ज्या भांड्यांना ‘जुनी कुतानी’ म्हणतात, त्यांतली बरीचशी मुळात आरितात घडली, असे यामाबेता आणि इतर जुन्या भट्ट्यांच्या उत्खननातून पुढे आले आहे. एकोणिसाव्या शतकात आजच्या इशिकावा प्रांतात कुतानीचे पुनरुज्जीवन झाले, आणि आज दुकानांत दिसणारी लाल-सोनेरी, बारीक नक्षीची कुतानी भांडी बहुतेक त्या नंतरच्या, निर्यातीच्या काळातली असतात. हौशी माणसाने सुरुवात करावी ती एकोणिसाव्या शतकातल्या इमारीपासून. सतराव्या शतकातले काकिएमोन आणि नाबेशिमा संग्रहालयात पाहून तृप्त व्हावे.

तिसरी पायरी : भांडे उलटे करावे

नवखा माणूस चित्र पाहतो आणि जाणता माणूस बूड पाहतो, असे या व्यवहारात सरळ दिसते. माझ्याकडच्या पहिल्या मोठ्या बशीचे बूड मी कित्येक महिने नीट पाहिलेच नव्हते. ती सुमारे तीस सेंटिमीटर रुंद आहे. पायाचे कडे जिथे टेबलाला टेकते तिथे झिलई नाही, आणि ती उघडी कड बोटाला पिठासारखी मऊ लागते. कडेच्या आतली पांढरी जागा किंचित करडी आहे आणि तिच्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे आहेत. त्याच जागेत मधोमध एक आणि त्याच्या चार बाजूंना चार असे पाच खरखरीत, मसुराच्या डाळीएवढे ठिपके आहेत. सुरुवातीला मला ते डाग वाटले होते. प्रत्यक्षात भट्टीत मोठ्या बशीचे बूड खाली बसू नये म्हणून कुंभार तिला मातीच्या शंकूसारख्या टेकूंचा आधार देत, आणि भाजल्यावर ते टेकू मोडून काढले की त्यांच्या या खुणा राहत. आरिताच्या मोठ्या बश्यांवर त्या वारंवार आढळतात, चीनच्या भांड्यांवर सहसा नसतात. लहान बशीला टेकूंची गरज नसल्याने तिथे खुणा नसल्या तरी बिघडत नाही.

हा फरक कामाचा ठरतो, कारण जपानी इमारीला युरोपात मागणी आहे हे दिसताच चिनी कारागिरांनी १७०० च्या आसपास तिच्या नकला सुरू केल्या. चिनी इमारीचे अंग सहसा पातळ, कड धारदार, झिलई अधिक गुळगुळीत आणि लाल रंग पातळ, पोवळ्याकडे झुकणारा असतो. उघड्या कडेला बऱ्याचदा नारिंगी-तपकिरी झाक दिसते. या खुणांपैकी एकीवर निर्णय देऊ नये, तीन-चार एकत्र जुळल्या तरच मत बनवावे.

बुडावरच्या अक्षरांनी मात्र हुरळून जाऊ नये. चिनी सम्राट छंगह्वा याच्या कारकिर्दीचा शिक्का जपानी भांड्यांवर शोभेसाठी सर्रास लिहिला जाई, आणि तो सम्राट तर पंधराव्या शतकातला. चौकटीतले ‘फुकु’, म्हणजे सौख्य, हे अक्षरही शतकानुशतके वापरात होते. याउलट काही उशिराच्या खुणा भरवशाच्या आहेत. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कर कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यासाठी आधी ‘निप्पॉन’ आणि १९२१ पासून ‘जपान’ हा शब्द रोमन लिपीत येऊ लागला. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताब्याच्या काळातला आहे. ऑर्किडचे चिन्ह असलेली कोरानशा ही कंपनी १८७० च्या दशकातली, तर फुजी पर्वत आणि प्रवाह यांचे चिन्ह असलेली फुकागावा सेइजी ही १८९४ मध्ये स्थापन झालेली. या दोन्हींचे जुने काम सुरेख असते आणि त्यांची चिन्हे वाचायला सोपी असल्याने नवख्याने त्यांचा विचार जरूर करावा.

चौथी पायरी : रंग भिंगाखाली पाहावेत

दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग आणि एक छोटी विजेरी एवढे साहित्य पुरते. आधी निळा पाहावा. जुना नैसर्गिक कोबाल्ट काळसर असतो, कुठे दाट तर कुठे फिकट उतरतो, आणि रेषेच्या कडेला जरा पसरतो. गॉटफ्रीड वाग्नर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७० मध्ये आरितात येऊन पाश्चात्त्य रंगद्रव्यांची ओळख करून दिल्यानंतर जो निळा रूढ झाला, तो भडक आणि एकसारखा असतो. असा निळा दिसला, की विक्रेता अठरावे शतक म्हणत असला तरी मनात मेइजी काळ, म्हणजे १८६८ नंतरचा काळ धरावा.

नंतर सोन्याकडे वळावे. जुन्या बशीत, विशेषतः बशांवर बशा रचून ठेवलेल्या असतील तर, मधल्या उंचवट्यांवरचे सोने झिजलेले आणि कोपऱ्यांतले शाबूत असते. सगळीकडे सारखे झिजलेले सोने संशयास्पद समजावे. हाताने घासून वय वाढवलेले असू शकते. विजेरीचा झोत तिरपा धरला, की गळून गेलेल्या मिन्याची सावलीही झिलईवर मंद दिसते आणि मूळ चित्र किती होते ते कळते. भिंगातून रंग बारीक, समान अंतरावरच्या ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर ते छापील चित्र आहे, हाताचे नव्हे.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे मागाहून चढवलेला रंग, ज्याला जपानी व्यापारी ‘आतो-एत्सुके’ म्हणतात. खरोखरच जुन्या, पण साध्या निळ्या किंवा कोऱ्या पांढऱ्या बशीवर नंतरच्या काळात मिना चढवून किंमत वाढवलेली असते. बूड जुने, निळा जुना, फक्त लाल आणि हिरवा खोटा. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. वापराने पडलेले बारीक ओरखडे रंगावरून जातात की रंगाखाली शिरतात हे भिंगातून पाहावे. रंगाखाली शिरत असतील, तर रंग ओरखड्यानंतरचा आहे. दुसरे असे, की वर्षानुवर्षे वापरलेल्या भांड्याच्या झिलईच्या छिद्रांत मळ मुरलेला असतो, आणि ते पुन्हा भाजले तर तो जळून काळे टिंब उमटतात.

पाचवी पायरी : वाजवून घ्यावे

आपल्याकडे मडके वाजवून घेण्याची रीत आहे, ती येथेही जशीच्या तशी लागू पडते. बशी पसरलेल्या बोटांच्या टोकांवर तोलून धरावी आणि काठावर नखाने हलकी टिचकी मारावी. धड बशी खणखणते आणि नाद रेंगाळतो. केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. ही परीक्षा विक्रेत्याची परवानगी घेऊनच करावी, आणि झाकणाच्या बरण्या किंवा कान जोडलेली भांडी मुळात नीट वाजत नाहीत हे ध्यानात ठेवावे.

एकदा मी हीच परीक्षा टाळली. एका विक्रेत्याकडून छायाचित्रे पाहून पाकळीदार काठाची एक बशी मागवली होती आणि ती ‘निर्दोष’ असल्याचे लेखी आले होते. बशी घरी आली, दिसायला देखणी होती, पण तिची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा हाताला कोमट लागे. टिचकी मारली, तर बद्द. रात्री दिवे घालवून तिच्यावर अतिनील किरणांची विजेरी धरली, तेव्हा ती पाकळी आणि तिच्यापासून मध्यापर्यंत गेलेली एक रेघ बाकीच्या बशीपासून वेगळी, दुधी उजेडाने चमकू लागली. पाकळी राळेची होती, वर रंग आणि लाख मारलेली. परतीची मुदत टळून गेलेली होती. ती बशी मी अजून ठेवली आहे आणि नव्या संग्राहकांना सरावासाठी हातात देतो.

दुरुस्ती म्हणजे दोषच असे नाही. झाडाच्या चिकापासून केलेल्या जपानी लाखेने सांधून वर सोने लावलेली ‘किन्त्सुगी’ दुरुस्ती उघड आणि प्रामाणिक असते, तिच्यामुळे कित्येकदा बशी परवडते. आजकाल मात्र झटपट चिकटणारी राळ आणि पितळेची पूड वापरूनही तोच देखावा केला जातो, तेव्हा जोडाला खऱ्या लाखेचा भाव देऊ नये.

खरेदी कोठे आणि कशी करावी

खरेदीआधी चांगल्या वस्तू भरपूर पाहाव्यात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबीयांच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी कलावस्तू आहेत, आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी दालन आहे. जपानला जाणे झाल्यास आरितातले क्यूशू सिरॅमिक म्युझियम चुकवू नये. तेथील शिबाता संग्रहात एदो काळातली, म्हणजे १६०३ ते १८६८ मधली, दहा हजारांवर आरिता भांडी आहेत, त्यांतली निवडक मांडलेली पाहता येतात, आणि इतके नीट शिकवणारे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही. क्योतोत तोजी मंदिराजवळ दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगू येथे २५ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आरिताचा २९ एप्रिल ते ५ मे दरम्यानचा मोठा भांडीबाजार प्रसिद्ध आहे, पण तेथे मुख्यतः नवा माल असतो.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अधूनमधून जपानी भांडी दिसतात, बहुतेक विसाव्या शतकातले चहाचे आणि जेवणाचे संच. त्यांच्यात १९०४ मध्ये सुरू झालेल्या नोरिताके या कंपनीचा माल असतो. तो इमारी नव्हे, पण हात बसवायला उत्तम. दुकानात जुनी इमारी म्हणून पुढे केलेली मोठी बशी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची निर्यातीची असते, हे गृहीत धरूनच बोलणी करावीत.

जपानी विक्रेत्यांकडून मागवताना त्यांचे पाच शब्द पाठ असावेत, कारण वर्णनात दोष प्रामाणिकपणे लिहिलेला असतो आणि आपणच तो वाचत नाही. ‘न्यू’ म्हणजे केसासारखा तडा, ‘होत्सु’ म्हणजे काठाचा बारीक टवका, ‘सोगे’ म्हणजे वरवर सोललेली कपची, ‘नाओशी’ म्हणजे दुरुस्ती, आणि ‘फुरिमोनो’ म्हणजे भाजताना भट्टीत पडलेली राख किंवा कण. यांतला शेवटचा जन्मखुणेसारखा असतो, त्याचे वावडे नसावे. चित्रावरून जाणारा तडा आणि बुडाजवळचा टवका यांत दुसरा पत्करावा. जपानात संच पाचाचा असतो, कारण चार या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. संचातल्या सुट्या, एकट्या राहिलेल्या बश्या स्वस्त मिळतात आणि नवख्याला त्याच परवडतात. भांड्याबरोबर जुनी लाकडी पेटी मिळाली आणि तिच्यावर सालाची नोंद असली तर आनंदच, पण पेटी आणि भांडे यांची जोडी नंतर कुणी जुळवली नसेल याची खात्री मापावरून करावी.

पैसे देण्यापूर्वी बुडाचे, काठाचे आणि तिरप्या उजेडातले छायाचित्र मागावे, अंदाजे काळ आणि दुरुस्ती यांचा बिलावर उल्लेख करून घ्यावा आणि परतीची मुदत विचारावी. भारतात आणताना शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९७०६ हे स्वतंत्र शीर्षक आहे. बिलावर वय आणि वर्णन स्पष्ट असले तर पुढचे बोलणे सोपे जाते. भारतातून बाहेर पाठवणे मात्र वेगळे प्रकरण आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे किमान शंभर वर्षे जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या लेकीला आजीची बशी पाठवायची असेल, तर ती मुळात जपानी आहे म्हणून चालेल असे धरू नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी विचारणा करावी.

घरी आणल्यावर

भांडे नेहमी दोन्ही हातांनी, बुडाखाली आधार देऊन उचलावे. कान, मान किंवा काठ धरून कधीही नाही, आणि झाकण असेल तर ते आधी वेगळे करावे. कापडी मोजे घालू नयेत, हातातून भांडे सटकते. कोरडे, स्वच्छ हात बरे. धुताना प्लास्टिकच्या टबात तळाशी जुना टॉवेल अंथरून कोमट पाण्यात एका वेळी एकच नग घ्यावा. सोन्यावर घासणी फिरवू नये, ब्लीच वापरू नये, आणि सांधलेला नग पाण्यात बुडवून न ठेवता ओल्या कापडाने पुसावा. भिंतीवर टांगायच्या तारेच्या पकडी काठाचे टवके काढतात आणि मिना खरवडतात. लाकडी उभा आधार केव्हाही चांगला. बशा एकमेकींवर ठेवायच्याच असतील, तर मध्ये सुती फडके घालावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भांड्याला काही होत नाही, पण त्याच्या लाकडी पेटीला बुरशी लागते, म्हणून पेटी वर्षातून दोनदा सावलीत उघडी ठेवावी. जुन्या मिन्यात शिसे असते, तेव्हा अशा बशीत लिंबू, चिंच, कोकम किंवा दह्याचा कोणताही पदार्थ वाढू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर ती ठेवूच नये.

प्रत्येक नगासाठी एक कार्ड करावे : सेंटिमीटरमधले माप, वजन, खरेदीची तारीख, किंमत, विक्रेता, दोष आणि आपला काळाचा अंदाज. अंदाज पेन्सिलीने लिहावा. माझ्या पहिल्या बशीच्या कार्डावर तो आतापर्यंत तीन वेळा खोडला गेला आहे, आणि दर वेळी ती बशी पन्नासेक वर्षांनी तरुण झाली आहे.